माय पणत्या भिजत घालते तेव्हा

दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. बाजारातून आणलेल्या नव्या पणत्या माय बादलीत बुडवून ठेवते. पणती पाण्यात गेली की बारीक सूंऽ असा आवाज येतो, तिच्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा वर येतात आणि पाच-दहा मिनिटांनी सगळं शांत होतं. रात्रभर भिजवायच्या, सकाळी सावलीत निथळायला ठेवायच्या आणि मगच तेल घालायचं. "कोरडी पणती तेल पिती," माय म्हणते. तिला हे तिच्या सासूनं सांगितलं, सासूला कुणी सांगितलं ते माहीत नाही.

यंदा मी त्या बादलीजवळ बराच वेळ बसून राहिले. मायला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. बिनसलं काही नव्हतं. गेली चार वर्षं मी कॉम्प्युटरवर जे बघतेय, ते सगळं त्या बादलीत चाललं होतं.

मी लातूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सोबत पीएच.डी. करते. खडकाच्या अतिसूक्ष्म फटींत पाणी, तेल आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की त्यांचे रेणू कसे वागतात, हा माझा विषय. गावाकडे विचारलं की मी आजवर "दगडावर काम करते" एवढंच सांगत आले. या वेळी नीट सांगायचं ठरवलं आहे, आणि पणतीपासूनच सुरुवात करते, कारण पणतीहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

भाजलेली माती म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं. त्या छिद्रांच्या भिंतींवर ऑक्सिजनचे अणू आणि ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या तोंड बाहेर करून बसलेल्या असतात. पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्याच्या एका अंगाला किंचित ऋण भार, दुसऱ्या अंगाला किंचित धन. त्यामुळे तो भिंतीला हात देऊ शकतो. तेलाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी, अंगभर हायड्रोजन, आणि भार जवळजवळ सगळीकडे सारखा वाटलेला. धरायला त्याच्याकडे हातच नाही. म्हणून पाणी आधी शिरलं तर ते भिंतीला असं बिलगतं की नंतर आलेल्या तेलाला आत जागा मिळत नाही. यंदा मी एक पणती मुद्दाम कोरडी ठेवली होती. तिच्यातलं तेल सकाळपर्यंत निम्म्यावर आलं, बाहेरचा रंग काळपट ओलसर झाला. शेजारच्या भिजवलेल्या पणतीतलं तेल जवळजवळ जिथल्या तिथं.

आता उलट बघा. मागच्या वर्षीची, तेल पिऊन काळी झालेली पणती पाण्यात टाका. आठ दिवस ठेवा. तेल बाहेर येत नाही. तेलाच्या विहिरींचं सगळं दुखणं या जुन्या पणतीत आहे.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं अशी लहानपणी माझी समजूत होती. तळं नसतं. तेल खडकाच्या छिद्रांत असतं, पणतीत मुरल्यासारखं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं मुख्य तेल चुनखडकात आहे. विहीर खोदली की सुरुवातीला तेल आतल्या दाबानं वर येतं, दाब ओसरला की पाणी भरून ते पुढे ढकलतात. इतकं करूनही जगभरात सरासरी एक तृतीयांशच्या आसपासच तेल हाती लागतं. बाकीचं आत अडकून राहतं, थेंबाथेंबानं.

का अडकतं, त्याचा हिशेब मी एकदा अप्पांना वहीवर करून दाखवला होता. समजा एक तेलाचा थेंब छिद्रात आहे आणि बाहेर पडायची वाट एक मायक्रॉन त्रिज्येची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी अरुंद. पाणी आणि तेल यांच्या सीमेवरचा ताण त्या थेंबाला आकसून धरतो. त्या वाटेतून थेंब दाबून बाहेर काढायचा तर साधारण ०.६ बार दाब लागतो. म्हणजे सहा मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीचा दाब, एका थेंबासाठी, त्याच्या पुढच्या-मागच्या मिलिमीटरभर अंतरात! पंपानं भरलेल्या पाण्याला तेवढं जमत नाही. पाणी थेंबाला वळसा घालून निघून जातं. अप्पा म्हणाले, "ढेकळाला वळसा घालून पाट जातो तसं." अगदी तसंच.

त्यात कच्च्या तेलात काही रेणू असे असतात की त्यांचं एक टोक भार असलेलं. ती टोकं हजारो वर्षांत खडकाला चिकटतात आणि शेपट्या बाहेर काढून बसतात. मग मुळात पाण्यावर जीव असलेला खडक हळूहळू तेलाचा होऊन जातो. चुनखडकात हे फार दिसतं.

इथं कार्बन डायऑक्साइड कामाला येतो. हा रेणू सरळ काठीसारखा, मध्ये कार्बन, दोन टोकांना ऑक्सिजन. पाण्यासारखी त्याला स्पष्ट दोन अंगं नाहीत, पण तेलासारखा तो पूर्ण निर्विकारही नाही. ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि ७४ बार दाबाच्या वर गेला की तो वायूही राहत नाही आणि द्रवही राहत नाही. दाटपणा द्रवासारखा, वाहणं वायूसारखं. आपल्याकडं मे महिन्यात ३१ अंश सकाळी नऊलाच होतात. कमी पडतो तो दाब. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक बार धरला तर सुमारे साडेसातशे मीटर खोल गेल्यावर तो मिळतो. म्हणून जगभर "८०० मीटरच्या खाली" हा शब्द या कामात सारखा ऐकू येतो. या अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड तेलात शिरतो, तेल फुगतं, पातळ होतं. दाब पुरेसा असेल तर दोघं इतके एकजीव होतात की मधली सीमाच पुसली जाते. सीमा गेली की ताण गेला, आणि ताण गेला की सहा मीटरची ती टाकीही लागत नाही. थेंब सुटतो.

टेक्सासमध्ये हे १९७२ पासून चालू आहे. कॅनडातल्या वेबर्न इथं २००० सालापासून, तिथला वायू तर अमेरिकेतल्या कोळशाच्या एका कारखान्यातून तीनशेहून जास्त किलोमीटर नळानं येतो. या कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते लपवायचं मला कारण नाही. वायूचा काही भाग खाली राहतो हे खरं, पण जे तेल वर येतं ते जाळायलाच येतं. शिवाय अमेरिकेत या कामी वापरलेला बराचसा वायू कारखान्याच्या धुरातला नाही, जमिनीखालच्या नैसर्गिक साठ्यांतून काढलेला आहे. एका भोकातून काढून दुसऱ्यात भरला, याला कार्बन साठवणं म्हणणं मला पटत नाही. पण तेलवाल्यांनी पन्नास वर्षांत खडकातल्या द्रवांचं जे ज्ञान जमवलं, ते सोन्यासारखं आहे. ते दुसरीकडे वळवता येतं, धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता जमिनीत गाडायच्या कामाकडं.

कारण तेल काढताना जो ताण आडवा येतो, तोच ताण कार्बन गाडताना राखण करतो. खाली भरलेला वायू पाण्यापेक्षा हलका असतो, तो वर यायला बघतो. वर दाट खडकाचं झाकण असतं. त्या झाकणातही छिद्रं असतात, पण वीस-तीस नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आणि पाण्यानं भरलेली. भिजवलेली पणतीच ती. वीस नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातलं पाणी बाजूला सारून आत घुसायचं तर कार्बन डायऑक्साइडला २८ बारच्या आसपास जादा दाब लागतो. दगडाला पाणी धरून ठेवायची ओढ जोवर आहे, तोवर झाकण पक्कं. ती ओढ सैल झाली तर मात्र राखणदारच झोपला असं समजायचं. म्हणून दगडाच्या भिंतीवरचे पाण्याचे पहिले दोन-तीन थर काय करतात, याला इतकं महत्त्व आहे. मी तेच बघते.

बघते म्हणजे डोळ्यांनी नाही. कॉम्प्युटरमध्ये दगडाचे दोन सपाट तुकडे समोरासमोर ठेवायचे, मध्ये काही नॅनोमीटरची फट सोडायची, फटीत काही हजार रेणू भरायचे. कुठला अणू कुणाला किती ओढतो, किती ढकलतो, हे आकड्यांत सांगायचं. मग प्रत्येक अणूवरचं बळ काढून त्याला एक पाऊल हलवायचं. एक पाऊल म्हणजे सेकंदाचा हजार अब्जावा भाग घेऊन त्याचेही पाचशे तुकडे केले तर त्यातला एक. अशी पाच लाख पावलं झाली की एक नॅनोसेकंद होतो.

ही पद्धत द्रवांसाठी खऱ्या अर्थानं उभी केली ती अनीसुर रहमान यांनी. जन्म १९२७, हैदराबाद. पुढं ते अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत गेले आणि १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप अरगॉनचे ८६४ अणू कॉम्प्युटरमध्ये चालवून दाखवले. १९७१ मध्ये सहकाऱ्यासोबत पाण्याचे २१६ रेणू चालवले. त्यांचा जन्म झाला तेव्हा आमचा औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता आणि उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे एकाच संस्थानातली माणसं आम्ही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसतं, त्यासाठी मी हे दरवर्षी सांगते.

माझ्या फटीत पहिल्यांदा पाणी भरलं तो दिवस मला आठवतो. चुनखडकाचं मुख्य खनिज असलेल्या कॅल्साइटची भिंत होती. रेणू सुरुवातीला इकडंतिकडं, यात्रेतल्या गर्दीसारखे. थोड्या वेळात भिंतीलगतचे रेणू ओळीनं लागले. प्रत्येक कॅल्शियमसमोर एक पाणी, ऑक्सिजन त्याच्याकडं तोंड करून. त्यावर दुसरा थर, जरा ढिला. तिसऱ्यापासून पुढं नुसतं पाणी. पहिल्या थरातला रेणू जागचा हलतच नव्हता. मग मी मध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला. तो फटीच्या मध्यावर गोळा झाला, थराला धडकत राहिला, आत जाऊ शकला नाही. दुसऱ्या फटीत पाण्याऐवजी तेलासारखा डेकेन भरला होता. तिथं मात्र तो सरळ भिंतीपर्यंत गेला, डेकेनला बाजूला सारून त्याच्या जागी बसला. दगड तोच, पाहुणा तोच, आधी कोण बसलं होतं तेवढाच फरक.

खऱ्या जगात नॉर्वेनं हे कार्बन गाडणं १९९६ पासून करून दाखवलं आहे. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर इथं समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड भरत आले. झाकणाखाली तो पसरतो, काही थेंब वाटेतच छिद्रांत अडकतात, काही भाग खाऱ्या पाण्यात विरघळतो. वायू विरघळलेलं पाणी साध्या पाण्याहून किंचित जड होतं आणि सावकाश खाली बसतं. गोटी सोड्याची बाटली फोडली की वायू वर उसळतो, कारण दाब गेला. दाब कायम ठेवला तर सोडा मुकाट खाली बुडतो.

पण नॉर्वेचं ते वाळूचं. आपल्याकडं काळा दगड.

मे महिन्यात अप्पांनी बोअर घेतला. गाडी रात्री साडेनऊला आली, पोरं तमिळ बोलणारी, आवाजानं अख्खी आळी जागी. पहिले वीस फूट मुरूम, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग पुन्हा काळा. एका जागी फुफाटा एकदम तांबडा झाला. दोन लाव्हांच्या मधला गेरूचा थर. सहा कोटी साठ लाख वर्षांमागं एक लाव्हा वाहून थंडावला, त्याच्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा आला. अप्पांना रंग बदलला की आशा वाटायची, मी मात्र दर वीस फुटांचा भुगा वेगळ्या पिशवीत भरत होते. ६४० फुटांवर गाडी थांबली. पाणी लागलं नाही. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, ते सांगायचंही अवघड आहे.

सकाळी मी पिशव्या उघडल्या. मांजऱ्याच्या भुग्यात पांढऱ्या कपच्या होत्या. मांजऱ्यात लाव्हाच्या बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत नंतर पाण्यानं आणलेली खनिजं बसतात. चुलीजवळ लिंबू होतं. कपच्या बशीत काढल्या, चेचल्या, वर लिंबू पिळलं. काही तशाच राहिल्या, ती गारगोटी किंवा झिओलाइट. काहींच्या कडेनं मोहरीहून बारीक बुडबुडे सुरू झाले. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती. अप्पा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"काय करायलीस?"

"अप्पा, हा वायू बघा. तोच. कार्बन डायऑक्साइड. आपल्या दगडानं केव्हातरी पाण्यातून धरून ठेवलाय, आत्ता लिंबानं सुटला."

ते बराच वेळ बशीकडं बघत राहिले.

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या वजनाचा पाव भाग कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाच्या ऑक्साइडचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं, आंबट पाणी दगडातून हे धातू सोडवतं, आणि धातू कार्बनसोबत पुन्हा दगड होऊन बसतात. कॅल्साइट होतो. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पानं २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत दगड झाला. अमेरिकेत वॉलुला इथं २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याविनाच, आठशे मीटरहून खोल बेसॉल्टमध्ये भरला. दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी मिळाल्या. दख्खनचा बेसॉल्ट पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. हे वाचून आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, झालं, आपल्या पायाखाली तिजोरी आहे.

मला तसं इतक्या झटकन म्हणवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून माणसं झोपली होती. सुमारे दहा हजार गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते, माझं बालपण पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतला. त्यात बेसॉल्ट निघाला फक्त ३३८ मीटर. मग आठेक मीटर गाळाचे थर, आणि खाली पुरातन कठीण खडक. पश्चिमेला सह्याद्रीकडं जाड असलेला काळा दगड आमच्याकडं इतका पातळ होत येतो. ३३८ मीटरवर दाब ३३-३४ बार, म्हणजे वायू वायूच राहणार. वॉलुलाची रीत इथं चालत नाही.

उरली आइसलँडची रीत. तिला खोली कमी चालते, पण एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं.

इथं मी वही काढली. परळीच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे तीन संच. तिन्ही दिवसभर पूर्ण चालले तर १८ हजार मेगावॅट-तास वीज, आणि कोळशाच्या हिशेबानं सतरा हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पंचवीसनं गुणा. ४२ कोटी लिटरच्या वर पाणी, एका दिवसाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी २५ लाख लिटर आणायची. म्हणजे तशा जवळपास १७० गाड्या, रोज. आणि परळीचं केंद्रच २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पाणी फिरवून पुन्हा वापरता येतं, समुद्राचं चालेल का याचेही प्रयोग झालेत, पण समुद्र परळीपासून किती लांब आहे ते आपल्याला माहीत आहे.

भूकंपाचा धागाही सोडता येत नाही. अमेरिकेतल्या रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ दरम्यान विहिरींतला दाब वाढवून-कमी करून बघितलं होतं, तेव्हा भूकंपाचे धक्केही त्याप्रमाणं वाढले आणि कमी झाले. भेगेच्या दोन भिंतींत शिरलेला द्रव त्यांना एकमेकींपासून सुटं करतो. किल्लारीच्या माणसाला हे सांगून, त्याच्या समोर बसून, त्याचं ऐकून घेऊनच इथं काही करता येईल. न सांगता नाही.

तरी मी हे काम सोडणार नाही. पाणी कमी लागेल अशी रीत निघायची असेल तर ती आपल्या दगडाला विचारूनच निघेल. पाण्याचा किती पातळ थर पुरे होतो? ओलसर कार्बन डायऑक्साइडमध्ये दगडाच्या भिंतीवर पाण्याचे दोन-तीन थर नुसते बसले, तरी तेवढ्यातही दगड विरघळून कार्बोनेट होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. मला तिथं दार दिसतं. पणती रात्रभर बुडवायची का नुसती ओल्या फडक्यात गुंडाळली तरी चालेल, असा तो प्रश्न आहे.

दिवाळीनंतर परत येताना मी ४२० फुटांची पिशवी सोबत आणली, अप्पांच्या अक्षरात आकडा घातलेली. त्या दगडातलं मुख्य खनिज प्लाजिओक्लेज. आता कॅल्साइटची फट बाजूला ठेवून प्लाजिओक्लेजची बांधली आहे. सोमवारी रन लावला. इन्व्हर्टर नवा घेतला, कारण मागच्या उन्हाळ्यात लाईट गेली आणि अकरा दिवसांचं काम गेलं होतं.

काल रात्री अप्पांचा फोन आला. तब्येत, पाऊस, हरभऱ्याची पेरणी झालं. मग म्हणाले, "त्या तुझ्या फटीत पाणी लागलं का?"

"लागलं अप्पा," मी म्हटलं. "पहिला थर बसलाय."

"किती फुटावर?"

मी त्यांना नॅनोमीटर म्हणजे काय ते सांगायला लागले, आणि ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.